गोमाजीचं उरलेलं बोलणं

मी बोलतोय. हसू नका, माईकनं बोलायचं नसतं हे मलाही ठाऊक आहे. माईकनं समोरच्याच्या तोंडाशी जायचं, ऐकायचं आणि ऐकलेलं पुढं पोचवायचं, एवढंच आमच्या जातीचं काम. पण ऐकून ऐकून मी काठोकाठ भरलोय हो. आता नाही बोललो तर फुटेन. म्हणून आज उलटं होऊ द्या, आज तुम्ही ऐका.

मी बातम्यांच्या चॅनेलचा माईक. पुढाऱ्याच्या हनुवटीखाली रंगीत डबे चढवलेल्या माईकांचा घोळका दिसतो ना टीव्हीवर, त्यातला एक. चॅनेलचं नाव सांगत नाही, उगाच नोटीस यायची. ते माझ्या गळ्यातल्या डब्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत आहे, रस्त्यावरच्या पोरालाही वाचता येतं.

माझा जन्म कुठल्यातरी कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तो थेट ठाण्यात, तलावपाळीजवळच्या एका दुसऱ्या मजल्यावर, चॅनेलच्या ऑफिसात. डोक्यावर काळी फोमची टोपी, नवी कोरी. आज त्या टोपीला जो वास येतो तो विचारू नका. गुटखा, कांदाभजी, सेंट, सगळ्या पक्षांचे श्वास त्यात मुरलेत. टोपी धुवायची असते हे आमच्याकडं कोणाच्या डोक्यातच आलेलं नाही.

पहिल्यांदा मला हातात घेतलं ते जयाताईनं. बारीक चणीची, पण माणसं तिला घाबरायची, कारण ती प्रश्न विचारून गप्प बसायची. समोरचा थांबला तरी मला त्याच्या तोंडापासून हलवायची नाही. माणसं मुद्द्याचं बोलतात ती थांबल्यानंतर, हे मी तिच्याकडून शिकलो. आणि एकाला विचारलं की लगेच त्याच्या विरोधातल्याला विचारायची. मला वाटायचं, सगळं जग असंच चालतं.

मग जयाताईला वरून फोन यायला लागले. "दोन्हीकडचं कशाला घेऊन येतेस? डेस्कवर वेळ कोणाकडं आहे?" ती भांडायची. एक दिवस तिनं मला टेबलावर ठेवलं, पर्स उचलली आणि निघून गेली ती पुन्हा आलीच नाही. कुठं गेली कोण जाणे. ती गेल्यावर मी पोरका झालो, सरळ सांगतो.

तेव्हा आमच्या मालकाची एका पक्षाशी सोयरीक होती आणि महापालिकेत दुसरा पक्ष होता. उन्हाळ्यात आंबिवली स्टेशनबाहेरच्या नळावर पाण्याचा प्रश्न घ्यायला गेलेलो. एक बाई म्हणाली, "पाणी येतं, पण दाब कमी असतो." टीव्हीवर काय दिसलं? "दाब कमी असतो." बाकीचं गेलं हवेत. पुढं चॅनेल विकलं गेलं. नवा मालक आला, तो सत्तेतल्या साहेबांच्या मांडीला मांडी लावून बसणारा. माझ्या गळ्यातला निळा डबा काढून लाल घातला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आंबिवली. तोच नळ, तीच बाई, तेच वाक्य. आणि टीव्हीवर? "पाणी येतं." आता बोला! बाई दोन्ही वेळेला खरंच बोललेली, आणि दोन्ही वेळेला खोटी पडली.

तेव्हा मी हसलेलो. म्हटलं, चला, पाण्याचंच तर आहे. कोणाचा जीव जात नाही.

या नव्या मालकाच्या राज्यात मी धनेशच्या हाती आलो. धनेश आगरी घरातला, शीळफाट्याजवळच्या गावातला. शेतं केव्हाच बिल्डरकडं गेलेली, आणि घरात आता टीव्हीवर दिसणारा एक मुलगा. बातमी तोच शोधायचा, कॅमेरा तोच लावायचा, प्रश्न तोच विचारायचा. मनानं वाईट नाही हो. पण फोन वाजला की त्याचा चेहरा बदलायचा. फोनवर डेस्कची, म्हणजे ऑफिसात बसून बातम्या कापणारी करिश्मा असायची. "धनेश, मला नाराजी नकोय हां. कोणीतरी खूश माणूस शोध ना." आणि हा भर उन्हात खूश माणूस शोधत फिरायचा. सापडला नाही तर पानटपरीवाल्याला म्हणायचा, "दादा, जरा बोला ना, बरं वाटतंय म्हणून." टपरीवाला केसांवरून हात फिरवायचा, खाकरायचा आणि बोलायचा. कॅमेरा दिसला की माणसं केसांना हात लावतातच, टकलेसुद्धा.

असं चाललं होतं. मग आम्ही जुवेबंदरला गेलो, आणि माझं हसणं कायमचं संपलं.

डोंबिवलीच्या पलीकडं, खाडीच्या काठाला कोळ्यांची एक वस्ती आहे, तेच जुवेबंदर. एका बाजूला तिवरांचं रान, दुसऱ्या बाजूला टॉवर, मधे होड्या. निवट्या, चिंबोऱ्या, थोडी कोळंबी, जे काय खाडी अजून देते त्यावर अर्धी घरं चालतात. तिथं तिवरं तोडून, भराव घालून गोदामं उभी करायची होती. साहेबांच्या हस्ते नारळ फुटणार होता. आणि गोदामं बांधणारी कंपनी कोणाची? आमच्याच मालकाच्या मेव्हण्याची. हे धनेशला माहीत होतं, मला माहीत होतं, टीव्ही बघणाऱ्याला मात्र कधीच कळलं नाही.

त्या गावाची एक रीत आहे. सगळे कोळी मिळून त्यांची जमात, आणि जमातीची बैठक गावदेवीच्या देवळासमोर भरते. तिथं भांडण असो की सोयरीक, बोलायला उभा राहिलेल्या माणसानं आधी समोरच्याची बाजू मांडायची. नीट, पुरी, त्यात खोट न घालता. समोरचा मान हलवून "बरोबर" म्हणाला की मगच आपली बाजू सुरू. जो दुसऱ्याची बाजू चोरेल त्याला खाली बसवतात. बाप-आज्यापासून चालत आलेलं. गोमाजी नाना हे त्या जमातीचे पाटील. सत्तरी ओलांडलेले, खाडीच्या पाण्यानं तळहात चिरलेले, आवाज मात्र असा खणखणीत की माझी टोपी थरथरायची. लोक म्हणायचे, नाना समोरच्याची बाजू अशी मांडतो की त्याच्या वकिलालाही जमणार नाही.

धनेशनं बंदरावर त्यांना उभं केलं. मागं महिपत आणि गावातली पाचपन्नास माणसं. हा महिपत तिथला पुढारी, चाळिशीतला, रक्तानं गरम. धनेशनं मला नानांच्या तोंडाशी धरलं आणि विचारलं, "बाबा, गोदामांबद्दल गावाचं काय म्हणणं आहे?"

नाना बोलले ते जमातीत बोलावं तसंच. दुसरं बोलणं त्यांना येतच नव्हतं.

"कंपनीवाले बोलतान, गोदामां झाली तं रस्ता येल. पोरांना नोकऱ्या भेटतील. आमची पोरां आता खाडीत उतराला तयार नाय, खरं हाय. घराघरात पगार येल, ते बी चांगलं हाय. ही झाली त्यांची बाजू. आता आमची सांगतो."

आणि मग त्यांनी आपली सांगितली. भराव टाकला तर भरतीचं पाणी कुठं जाईल, वस्तीत कसं शिरेल, तिवरात मासळी अंडी घालते ती कुठं घालेल, कागदावर कोणी सही केली आणि गावाला विचारलं का. शेवटी म्हणाले, "नोकरी पायजे, पन खाडी मारून नको. आमचा नकार हाय." मागच्या माणसांनी हुंकार भरला. जयाताईनंतर इतकं सरळ बोलणं मी ऐकलंच नव्हतं. पोटभर जेवल्यासारखं वाटलं मला.

संध्याकाळी वडापावच्या गाडीसमोर उभं राहून धनेश मोबाईलवर बातमी बघत होता, मी त्याच्या काखेत. पडद्यावर नाना. "गोदामां झाली तं रस्ता येल. पोरांना नोकऱ्या भेटतील. घराघरात पगार येल, ते बी चांगलं हाय." बस. सुरुवातीचं "कंपनीवाले बोलतान" नाही. "ही झाली त्यांची बाजू" नाही. पुढचं तर काहीच नाही. खाली लाल पट्टी, 'कोळी समाजाचा विकासाला हिरवा कंदील'. आणि मागं होड्या सजवून नाचणारी माणसं, ती तर कुठल्यातरी जुन्या नारळी पुनवेची!

धनेशच्या हातातला वडापाव तसाच राहिला. त्यानं करिश्माला फोन लावला. "अगं, बाबा उलट बोललेले! मी पूर्ण पाठवलेलं."

"धनेश, हा आवाज त्यांचाच आहे ना? आपण काही खोटं घातलंय का?"

खोटं एक अक्षर नव्हतं. सगळं खरं होतं, फक्त कापलेलं. आणि मी त्याच्या काखेत तडफडत होतो, की अरे मी सगळं ऐकलंय, मला विचारा! माईकला कोण विचारतो?

मला वाटलं, गावाला काय फरक पडणार? पन्नास माणसं मागंच उभी होती. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

नाही हो. इथंच माझा माणसांवरचा विश्वास उडाला. पुढच्या आठवड्यात धनेश खजील होऊन नानांना भेटायला गेला, मी पिशवीत. बंदरावरच महिपत भेटला. धनेश म्हणाला, "महिपतदादा, तुम्ही तिथं होता. बाबा काय बोलले ते तुम्हीच सांगा ना गावाला."

महिपत म्हणाला, "मी होतो, पन मागं होतो. वारा किती होता! टीव्हीवर स्वच्छ ऐकू आलं. तोंड त्याचंच, आवाज त्याचाच. नाना असा बोलंल असं वाटलं नव्हतं." आणि खाली थुंकला.

ऐकलंत? माणूस दहा पावलांवर बोलला तो वाऱ्यात गेला, आणि काचेतला तेवढा खरा! मला ओरडावंसं वाटलं. पण ओरडायला मला स्वतःचा आवाज कुठं आहे?

नानांच्या घरी दार उघडंच होतं, पण आत कोणी नव्हतं येत. पूर्वी होडी काढायच्या आधी गावातली पोरं ओसरीवर डोकावून विचारायची, "नाना, आज पानी कसं हाय?" आता होड्या न विचारता जात होत्या. नानांची बायको चंद्रभागाबाई डोंबिवलीच्या बाजारात मासळी घेऊन बसते. तिच्या शेजारणींनी आपापल्या पाट्या सरकवून घेतलेल्या, मधे एक माणूस झोपेल एवढी जागा सोडलेली. "कितीला इकली खाडी तुज्या नवऱ्यान?" असं एकीनं तोंडावर विचारलं. चंद्रभागाबाई हे सांगताना रडली नाही, कोळंबी सोलत राहिली. तिच्या बोटांतून रक्त येत होतं, ते तिला कळलंच नाही.

नाना धनेशवर रागावले नाहीत, हेच फार वाईट झालं. म्हणाले, "तुजी बी बाजू असंल पोरा. नोकरी हाय तुजी." धनेशनं मान खाली घातली. रागावले असते तर बरं वाटलं असतं त्याला.

"बाबा," तो म्हणाला, "एक मार्ग आहे. लाईव्ह. चर्चेच्या कार्यक्रमात. लाईव्हला कोणी काही कापू शकत नाही. तुम्ही बोललात की बोललात."

नानांची नात भाविका कॉलेजला जाते, ती दारातून म्हणाली, "आजा, जायचं. सगळ्या गावासमोर, इथं अंगणात करायचं. मी सगळ्यांना बोलवते." तिच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी उजेड आला असावा. मलाही आशा वाटली. आशा फार वाईट चीज, मुंगीसारखी कुठूनही आत येते.

करिश्मानं लगेच होकार दिला. तेव्हाच कळायला हवं होतं.

चार दिवस भाविकानं आज्याला तयार केलं. "आजा, तो विचारेल ना, तर पहिलंच वाक्य काय? आमचा विरोध आहे. बोल बघू."

"आमचा इरोध हाय."

"हां! पहिलं तेच. त्यांची बाजू नंतर सांग, नाहीतर सांगूच नको."

"सांगू नको? मंग तो मानूस काय बोलंल? गोमाजीन आपली बाजू चोरली बोलंल."

"अरे आजा, ते तुझी चोरतात त्याचं काय!"

नानांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाले, "बरं बाय. तू सांगतस तसा."

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी अंगण भरलं. आले हो सगळे. महिपतही आला. कुंपणाला टेकून, हाताची घडी घालून. भाविका दारादारांत जाऊन पाया पडलेली, त्याचा मान राखायला आले. चंद्रभागाबाईनं नवऱ्याला इस्त्रीचा सदरा घातला, डोक्यावर लाल टोपी सारखी केली. धनेशनं कॅमेरा लावला, नानांच्या कानात स्टुडिओचा आवाज येणारी ती छोटी गोळी बसवली आणि मला त्यांच्या हातात दिलं. माझ्या आयुष्यात इतक्या अदबीनं मला कोणी धरलं नव्हतं. पुढारी तर माझा गळाच आवळतात.

तिकडं स्टुडिओत निवेदक स्वानंद. पडद्यावर सहा चौकटी, सहा माणसं, सगळी एकदम ओरडणारी. नानांच्या कानात तो कल्लोळ. त्यांनी डोळे मिटून घेतले. बराच वेळ गेला. मग अचानक स्वानंद गरजला, "आता थेट जाऊया जुवेबंदरला! गोमाजी, महाराष्ट्राला एका शब्दात सांगा, तुम्ही विकासाच्या बाजूनं आहात की विरोधात? हो की नाही?"

भाविका कॅमेऱ्यामागून ओठांनी सांगत होती, आमचा विरोध आहे, आमचा विरोध आहे.

नानांनी तोंड उघडलं. माझ्यावर त्यांचा श्वास आला. मी मनात म्हटलं, बोला नाना, एवढंच बोला, तुमच्या पाया पडतो.

"एका शब्दात कसा सांगनार?" नाना म्हणाले. "आधी त्यांचं बोलनं काय हाय, ते सांगतो."

नको! नको हो नाना! मी ओरडलो. मला ओठ नाहीत, जीभ नाही, तरी ओरडलो. भाविकानं दोन्ही हात डोक्याला लावले.

"कंपनीवाले बोलतान रस्ता येल, ते खोटं नाय. पोरांना काम भेटंल, ते बी खोटं नाय. आमच्या पोरांना कामाची गरज हाय..."

"धन्यवाद गोमाजी!" स्वानंदचा आवाज नानांच्या कानात फुटला. "ऐकलंत? काही लोक मुंबईत एसीत बसून कोळ्यांच्या नावानं गळे काढतात, आणि खुद्द कोळी बांधव म्हणतोय, कामाची गरज आहे! घेऊया एक छोटासा ब्रेक."

धनेशच्या कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझला. नानांनी तो बघितलाच नाही. त्यांना वाटलं, आपण अजून बोलतोय. आणि ते बोलत राहिले. "ही झाली त्यांची बाजू. आता आमची." सगळं बोलले. भरतीचं पाणी, तिवरं, मासळीची अंडी, न विचारता झालेल्या सह्या. पहिल्यापेक्षा चांगलं बोलले. आवाज चढला, डोळ्यांत पाणी आलं, आणि शेवटी ते म्हणाले, "आमचा नकार हाय. गोमाजी मेला तरी नकार हाय."

तुम्ही म्हणाल, मग काय, गाव तर समोरच होतं ना! गावानं ऐकलं असेल!

गाव मोबाईलमधे बघत होतं. सगळ्यांच्या हातात मोबाईल, सगळ्यांच्या मोबाईलवर आमचंच चॅनेल. लाईव्ह म्हणतात ना, ते मोबाईलवर मिनिटभर मागून पोचतं. नाना समोर नकार सांगत होते तेव्हा लोकांच्या हातातले नाना "पोरांना कामाची गरज हाय" म्हणत होते, आणि आवाज फुल. कोणी मान वर केली नाही. हातातल्या नानांनी समोरच्या नानांना गिळून टाकलं. चंद्रभागाबाई तेवढी एकेकाचा दंड धरून हलवत होती. "आरं, तो इकरं बोलतंय! तिकरं काय बघताव? इकरं बघा!"

मोबाईलवर सिमेंटची जाहिरात लागली. मग माना वर झाल्या. तोवर नाना थांबले होते. महिपत म्हणाला, "दोनदा ऐकला. आता काय राह्यला?" आणि माणसं चपला शोधायला लागली. भाविका रडत ओरडत होती, "तो आत्ता बोलला, आत्ताच!" पण रडणाऱ्या नातीचं कोण ऐकतं, ती आज्याचीच बाजू घेणार, असं लोक धरून चालले.

नानांनी मला धनेशच्या हातात परत दिलं. "पोचला काय रं सगळा?" त्यांनी विचारलं.

धनेश माझी वायर गुंडाळत राहिला. 

त्यानंतरच्या रविवारी जमातीची बैठक लागली. आम्हीही होतो, कारण डेस्कला आता 'जुवेबंदरमधे फूट' अशी बातमी हवी होती. देवळासमोर बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. महिपत बोलायला उभा राहिला. रिवाजाप्रमाणं सगळे गप्प झाले, आता हा आधी समोरच्याची बाजू मांडणार.

महिपत म्हणाला, "मी कोनाची बाजू सांगनार नाय. समोरच्याची बाजू सांगूनच आपली खाडी चाललीय. आजपासून ही रीत बंद. आपला तेवढा बोलायचा, जोरात बोलायचा, नि खाली बसायचा."

टाळ्या पडल्या. देवळासमोर अशा टाळ्या कधी पडल्या नव्हत्या, असं एक म्हातारी शेजारणीला सांगत होती. महिपत मग कंपनीला शिव्या घालत राहिला, पुढाऱ्यांना घालत राहिला, शेवटी घरच्या माणसांनाही घातल्या. अगदी स्वानंदसारखा बोलत होता तो. हातवारेसुद्धा तसेच. मला भीती वाटली. आमचं चॅनेल खाडीच्या आधी या देवळापर्यंत पोचलं होतं.

गोमाजी नाना मागं खांबाशी बसलेले. ते उठले. धनेश धावला, मला त्यांच्यासमोर धरलं. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, आता बोलतील. आता गाव समोर आहे, मोबाईल खिशात आहेत, सगळ्यांच्या माना यांच्याकडं आहेत. आता ऐकतील.

नानांनी मला धरलं नाही. हात खाली सोडूनच ते बोलले, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "महिपत बोलतंय, नाना चुकला. दुसऱ्याची बाजू सांगत बसला नि गावाची घालवली. महिपतचा राग खरा हाय. गावाचा भरवसा मोडला, ते बी खरं हाय. अशा मानसान पाटीलकी सोडावी. ही झाली महिपतची बाजू."

महिपतनं मान हलवली. "बरोबर," तो म्हणाला. सवयीनंच निघालं त्याच्या तोंडून.

आता नानांची. सगळं देऊळ थांबलं. मी थांबलो. भाविका उभी राहिली. धनेशनं मला आणखी पुढं केलं. तो हळूच म्हणाला, "आणि तुमची, बाबा?"

नानांनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. आणि ते घरी चालते झाले. चंद्रभागाबाई पाटी उचलून त्यांच्या मागं गेली.

त्या संध्याकाळी आमच्या चॅनेलनं गोमाजी नानांचं बोलणं पहिल्यांदाच पुरं दाखवलं. देवळासमोर ते जेवढं बोलले, त्यातलं एक अक्षर कापलं नाही.

आता मी धनेशच्या पिशवीत असतो. भराव सुरू झालाय. नारळ फुटला त्या दिवशी साहेबांच्या हनुवटीखाली मीच होतो, पहिल्या रांगेत. धनेश जुवेबंदरच्या रस्त्यानं जात नाही, लांबून वळसा घालतो. नाना कोणाशी बोलत नाहीत म्हणे, घरातही नाही. भाविका ताट ठेवते, ते जेवतात, भिंतीकडं तोंड करून निजतात.

मला हात नाहीत, असते तर जोडले असते. तुमच्यापैकी कोणीतरी त्यांच्याकडं जा हो. फार लांब नाही, डोंबिवलीहून रिक्षा मिळते. त्यांच्या ओसरीवर बसा आणि त्यांना त्यांची बाजू विचारा. पहिल्यांदा ते तुमचीच बाजू सांगतील. घाई करू नका, मधे बोलू नका, सांगू द्या. ती संपली की ते थांबतील, तेव्हा उठू नका. पुढचं येईल. नाही आलं तरी बसून राहा. फक्त माझ्यासारखं काही हातात घेऊन जाऊ नका, ते दिसलं तर ते तोंड उघडणार नाहीत.